चाहत्यांची नाराजी आधी ऐकून तरी घ्या

महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या विज्ञानमालिकांच्या रीबूटवर, म्हणजे त्याच कथा नव्याने मांडण्यावर, आलेला लेख वाचला. लेखकाने माहिती चांगली जमवली आहे, पण जुन्या चाहत्यांना त्यांनी ज्या तऱ्हेने झटकून टाकलंय ते वाचून राग आला. नवीन काही आलं की ही मंडळी नाकं मुरडणारच, गतकाळात रमणाऱ्यांकडे निर्मात्यांनी लक्ष देऊ नये, असा एकंदर सूर. मी त्याच मंडळींपैकी एक. दूरध्वनी खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, नारायण पेठेत राहते, आणि शाळकरी वयापासून या मालिका मी जीव लावून पाहत आले आहे. पत्र लांबलं आहे. जमल्यास पूर्ण छापावं, ही विनंती.

पहिला प्रश्न असा, की रीबूट करायला मुळात काही शिल्लक राहिलं ते कुणामुळे? 'स्टार ट्रेक' ही अंतराळजहाजावरची मालिका घ्या. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. प्रेक्षक बेताचेच होते. दुसऱ्या पर्वातच गाशा गुंडाळायची चिन्हं दिसायला लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी देशभरच्या चाहत्यांना वाहिनीला पत्रं लिहायला लावली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी मशाली घेऊन वाहिनीच्या बरबँकच्या स्टुडिओवर मोर्चा घेऊन गेले. मार्चमध्ये एक भाग संपल्यावर, मालिका सुरू राहणार असल्याचं वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं. तिसऱ्या पर्वानंतर, १९६९ मध्ये, ती बंद पडलीच; पण तोवर ७९ भाग जमले होते. छोट्या केंद्रांना रोज एक भाग पुन्हा दाखवायला एवढा साठा पुरत होता, आणि मालिकेला खरी लोकप्रियता मिळाली ती या पुनःप्रक्षेपणातून.

आमच्यापर्यंत ती ऐंशीच्या दशकात पोचली, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून लावलेला अँटेना, कृष्णधवल संच आणि निम्मं डोक्यावरून जाणारं इंग्रजी. जहाजावरचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक नेमकं काय म्हणाला यावर आम्हा भावंडांची जेवायला बसेपर्यंत हुज्जत चालायची. त्या अनोळखी माणसांनी १९६८ साली पोस्टाची तिकिटं खर्ची घातली नसती, तर नारायण पेठेतल्या एका खोलीपर्यंत हे जहाज आलंच नसतं. अशा लोकांचे वारसदार आज काही बोलू पाहतात, तेव्हा त्यांना गप्प बसवणं बरं नाही.

'डॉक्टर हू'ची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही बीबीसीची मालिका. त्या काळी चित्रफिती महाग असायच्या आणि जुने भाग पुन्हा दाखवायची चाल फारशी नव्हती. त्यामुळे साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने पुसून टाकले. पण तेव्हाची काही मुलं घरी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून, घरच्यांना दम देऊन, प्रत्येक भागाचा आवाज टेपरेकॉर्डरवर घेत होती. म्हणूनच आज हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज शाबूत आहे. त्यावर बेतून अलीकडे काही भागांची ॲनिमेशनं तयार झाली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका केंद्रावर नऊ भागांच्या फिती सापडल्या, त्याही एका चाहत्याच्या चिकाटीमुळे. माझी सारी नोकरी माणसांचे आवाज इकडून तिकडे धड पोचावेत यासाठी गेली. खरखरत्या फितीवरचा आवाज जपून ठेवायला काय लागतं हे मला ठाऊक आहे. त्या मुलांचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. एवढ्या मोठ्या संस्थेने जे टाकून दिलं, ते त्यांनी जपलं.

चाहत्यांना सगळं माफ आहे असं मात्र मी म्हणत नाही. 'स्टार वॉर्स'च्या एका चित्रपटात काम केल्याबद्दल केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीच्या वंशावरून आणि दिसण्यावरून लोकांनी इतकी गरळ ओकली, की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं आपलं सगळं काढून टाकलं. हा छळ होता, त्याला नाराजी म्हणताच येणार नाही. असं करणाऱ्यांशी आमचं कसलंही नातं नाही. पण अशा लोकांकडे बोट दाखवून बाकीच्या सगळ्यांचं म्हणणं निकालात काढायचं, हेही मला मान्य नाही. आपल्या लेखात नेमकं तेच झालं आहे.

चाहत्यांच्या तक्रारींमध्ये दोन निरनिराळ्या तक्रारींची सरमिसळ झालेली असते, असं मला इतक्या वर्षांत वाटत आलंय. एक तक्रार चेहऱ्यामोहऱ्याची, म्हणजे नट बदलला, पुरुषाची बाई झाली, जहाज वेगळं दिसतं, गणवेश बदलला. दुसरी गाभ्याची, म्हणजे मालिका ज्या प्रश्नावर उभी होती तो प्रश्नच गायब झाला. पहिली कालांतराने विरून जाते, आणि विरावीच. मराठी माणसाला तर हे सांगायची गरजच नाही. 'नटसम्राट' १९७० मध्ये डॉ. लागूंनी उभा केला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त यांनी अप्पासाहेब बेलवलकर केले. कुणाचा अप्पा सरस यावर घरोघरी वाद झाले. पण नट बदलला म्हणून नाटक बुडालं, असं कुणी म्हटलं नाही. उद्या त्यातून म्हाताऱ्या नवराबायकोचं बेघर होणंच काढून टाकलं आणि नुसती स्वगतं ठेवली, तर मात्र आपण पेटून उठू, आणि ते योग्यच असेल.

आता 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'विषयी. आपल्या लेखात तिचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. पण रीबूट आणि चाहते या विषयात तिच्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. मूळ मालिका ग्लेन लार्सन यांची, एबीसी वाहिनीवर १९७८-७९ मध्ये एकच पर्व चालली. सायलॉन नावाच्या यंत्रमानवांनी माणसांच्या बारा वसाहती नष्ट केल्या आहेत आणि वाचलेली माणसं गॅलॅक्टिका या अंतराळ युद्धनौकेच्या आसऱ्याने, मिळतील त्या जहाजांतून, पृथ्वी नावाच्या ऐकीव जागेच्या शोधात निघाली आहेत. मालिका बंद पडल्यावर तिच्यातला अपोलो साकारणारे रिचर्ड हॅच यांनी ती पुढे चालू राहावी म्हणून जंग जंग पछाडलं. १९९९ मध्ये पदरमोड करून त्यांनी पुढच्या कथेची एक झलकही बनवली. आणि मग लेखक-निर्माते रोनाल्ड मूर यांनी ती पुढे न नेता पहिल्यापासून नव्याने मांडायची ठरवली. त्यात बेदरकार वैमानिक स्टारबक ही बाई, केटी सॅकहॉफ. मूळचे स्टारबक डर्क बेनेडिक्ट यांनी याविरुद्ध लेख लिहिला. २००३ मध्ये चाहत्यांच्या मेळाव्यात मूर स्वतः गेले, तेव्हा तिथे त्यांची हुर्यो उडवली गेली.

आमचा एक गट आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, हिंजवडीत नोकरी करणारे दोघे आहेत, फर्ग्युसनमध्ये भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे, आणि येऊन-जाऊन असणारे आणखी काही. काका जुन्या गॅलॅक्टिकाचे कट्टर चाहते. नवी बघायलाच तयार नव्हते. 'स्टारबक बाई करायची तर नाव तरी दुसरं ठेवा,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती मुलगी त्यांना म्हणाली, 'काका, ही सिगार ओढते, पत्ते खेळते, वरिष्ठाला ठोसा लगावते. तुमचा स्टारबक याहून वेगळं काय करायचा?' काका काही बोलले नाहीत, पण बसले. मग कोथरूडला एकाच्या घरी आम्ही त्यांना '३३' दाखवला, नव्या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा पहिला भाग.

शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो. प्रत्येक वेळी सगळा ताफा उडी मारून दुसरीकडे जातो आणि ३३ मिनिटांनी तो पुन्हा हजर. पाच दिवसांहून जास्त काळ कुणी झोपलेलं नाही. डोळे लाल, हातांना कंप, बोलताना शब्द अडतात. राष्ट्राध्यक्ष रॉझलिन ही पूर्वी शिक्षणमंत्री होती. वरचे सगळे मेले म्हणून ती त्या पदावर आली. तिच्या खोलीत एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो. पन्नास हजाराच्या आत. प्रत्येक उडीनंतर तो पुसायचा आणि कमी करून लिहायचा. पुढे शत्रू ज्याच्या मागावरून येत असावा अशी शंका असलेलं एक प्रवासी जहाज पाडायची वेळ येते. त्यात तेराशेच्या वर माणसं असल्याची नोंद आहे, पण खिडक्यांत कुणी दिसत नाही, आणि आदेश तर पाळायचा आहे. जहाज पाडलं जातं. भागाच्या शेवटी निरोप येतो, की ताफ्यातल्या एका जहाजावर मूल जन्मलं. रॉझलिन फळ्याशी जाते आणि या खेपेला आकडा एकने वाढवते.

दिवे लावले तेव्हा काका म्हणाले, 'जुन्यात हा फळा नव्हता. असायला हवा होता.'

माझं सगळं म्हणणं काकांच्या त्या वाक्यात आलं. घरदार गमावलेल्या मूठभर माणसांनी माणूस म्हणून कसं टिकून राहायचं, हा प्रश्न १९७८ च्या मालिकेनेच मांडला होता. पण अख्ख्या जगाचा संहार झाल्यावर ती पहिल्याच कथेत मंडळींना जुगाराच्या अड्ड्यावर घेऊन गेली. दुःखाला सामोरं जायची तिची तयारी नव्हती. त्या काळच्या घरगुती प्रेक्षकांसाठीच्या वेळेत ती बहुधा शक्यही नसावी. नव्या मालिकेने चेहरे सगळे बदलले, सायलॉनही बदलले. आता ते माणसानेच घडवलेले आहेत आणि त्यातले काही हुबेहूब माणसासारखे दिसतात. पण प्रश्न मात्र तिने जुनीपेक्षा घट्ट धरला. '३३'ला विज्ञानकथांसाठीचा २००५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क आणि दहशतवाद यांवर चर्चा झाली, मूर आणि प्रमुख कलाकार तिथे हजर होते. आणि रिचर्ड हॅच? ज्यांची वर्षानुवर्षांची मेहनत बाजूला पडली, ते नव्या मालिकेत टॉम झॅरेक या बंडखोर कैद्याच्या भूमिकेत आले आणि त्यांनी ती भूमिका फार सुंदर केली. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. ते लढले, हरले, मग नवीन काय आहे ते पाहिलं आणि त्यात उतरले.

म्हणजे रीबूट चांगलीच असते का? नाही. आता उलट उदाहरण देते, कारण इथे जुन्या चाहत्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

१९६७ मधला 'स्टार ट्रेक'चा एक भाग आहे. एका ग्रहावर खाणकामगारांना कातळातून येणारं कुणीतरी जाळून मारतंय. माणसं बंदुका घेऊन मागे लागली आहेत. तो प्राणी सिलिकॉनचा बनलेला आहे, वितळून थिजलेल्या दगडाच्या ढिगासारखा, आम्लाने खडक कोरत फिरणारा. स्पॉक त्याच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि कळतं, की ती एक आई आहे. कामगार ज्यांना बिनकामाचे गोटे समजून फोडत होते, ती तिची अंडी होती. तिच्या जखमेवर डॉक्टर मॅकॉय बांधकामाचा गिलावा लावतो आणि कुरकुरतो, की मी डॉक्टर आहे, गवंडी नाही. शेवटी समेट होतो. तिची पिल्लं बोगदे कोरणार आणि माणसं खनिज काढणार. आम्ही सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेली मुलं. पुढे कित्येक दिवस सिंहगडावर गेलं की मी दगडाला हात लावून बघायची. अनोळखी दिसणारा प्रत्येक जण शत्रू असतो का, हा त्या मालिकेचा प्रश्न होता, आणि तो तिने खाणीच्या अंधारात, चटईसारख्या एका सोंगात माणूस घालून, फुटकळ पैशांत विचारला.

२००९ मध्ये दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्स यांचा नवा 'स्टार ट्रेक' चित्रपट आला. मी भाचीबरोबर पाहिला. वेगवान, देखणा, नवीन नट गुणी. लेनर्ड निमॉय यांना म्हाताऱ्या स्पॉकच्या रूपात पाहून डोळे भरून आले. नवीन कथा वेगळ्या कालप्रवाहात घडते असं दाखवून जुन्याला धक्काही लावला नाही, ही युक्ती मला मनापासून आवडली. पण शेवट आठवा. खलनायक नेरोचं जहाज कृष्णविवरात ओढलं जातंय. कॅप्टन कर्क त्याला मदत देऊ करतो. तेव्हा स्पॉक, ज्याने एकेकाळी दगडाच्या मनात शिरून त्याचं दुःख ऐकलं होतं तो स्पॉक, यावेळी मदत नको म्हणतो. नेरो मदत नाकारतो, आणि मग सगळ्या तोफा डागल्या जातात. नव्या स्पॉकचा ग्रह आणि त्याची आई नेरोने नुकतीच संपवलेली आहे, त्यामुळे त्याचा संताप समजतो. पण कथाच त्या संतापापाशी थांबते, त्याच्या पलीकडे जायचं तिच्या मनातच येत नाही. भाची म्हणाली, 'मावशी, दोन तासांच्या चित्रपटात एवढं कुठून बसवणार?' मला हे पटत नाही. त्या खाणीतल्या भागाला तासभरसुद्धा मिळाला नव्हता. दिग्दर्शकांनी स्वतःच सांगितलं आहे, की लहानपणी त्यांना ही मालिका भावली नव्हती. तो त्यांचा प्रामाणिकपणा. पण मग ज्यांना ती भावली होती ते काय सांगतात, ते ऐकण्यात कमीपणा कसला?

'डॉक्टर हू'बद्दल थोडक्यात. तिथे 'डॉक्टर' हा परग्रहवासी नायक मरतो आणि नव्या देहात उठतो, हेच कथेचं सूत्र आहे. त्यामुळे १९८९ मध्ये थांबलेली मालिका २००५ मध्ये नव्याने सुरू झाली तेव्हा चेहऱ्याचा प्रश्न निम्मा सुटलेलाच होता. तरीही २०१७ मध्ये नव्या डॉक्टरच्या भूमिकेसाठी जोडी व्हिटकर या अभिनेत्रीचं नाव जाहीर झाल्यावर काहींनी आकाशपाताळ एक केलं. देह बदलणाऱ्या परग्रहवासीयाने बाई का होऊ नये, याचं धड उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पुढच्या काही कथा कच्च्या होत्या, तो दोष लेखनाचा, त्यावर बोलावं.

हे सगळं परक्या मुलखातलं झालं. पण उद्या ही वेळ आपल्याकडेही येणार आहे. १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेला 'कॅप्टन व्योम' आज तिशी-चाळिशीत असलेल्यांच्या मनात ताजा आहे. कुणी तो नव्याने करायला घेतला तर हीच भांडणं होतील. आणि पुण्यात बसून मला त्याहून जास्त वाटतं ते जयंत नारळीकरांच्या कथांबद्दल. सर मे २०२५ मध्ये गेले. 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नावाचा दबदबा बाजूला ठेवून. त्यांच्या कथांतलं विज्ञान काढून घेतलं तर कथाच उरत नाही. कुणी त्यांवर मालिका काढली, पात्रांना आजचे कपडे चढवले, मोबाइल दिले, गणिताच्या प्राध्यापकाच्या जागी प्राध्यापिका आणली, तर माझी काहीच हरकत नाही. पण विज्ञान मागच्या पडद्यावर रंगवून पुढे नुसता पाठलाग ठेवला, तर मी पहिलं पत्र आपल्यालाच लिहीन. त्या वेळी कृपा करून मला गतकाळात रमणारी म्हणू नका.

आपल्याला एक सुचवते. या विषयावर पुन्हा पुरवणी काढाल तेव्हा एकच लेखक न घेता दोघांना बसवा, एक जुनी मालिका पाहिलेला आणि एक फक्त नवी पाहिलेला. दोघांनी दोन्हींचा एकेक भाग शेजारी बसून पाहावा आणि आपापलं लिहावं. आमचे खडकीचे काका आणि फर्ग्युसनची ती मुलगी यासाठी आनंदाने तयार आहेत. त्यांना मी विचारून ठेवलं आहे.

कळावे,

आपली नियमित वाचक,
नारायण पेठ, पुणे